पावसाची जागा

ताजुद्दीनच्या खोलीत दोन माणसे आडवी झाली की तिसऱ्याला उभे राहायला जागा उरत नसे. लोणावळ्याच्या बाजारामागे चाँदभाईंची दुमजली चाळ होती, तिच्या माडीवरची ही शेवटची खोली. एका कोपऱ्यात त्याच्या बायकोची, मदिनाची चूल, दुसऱ्यात पाण्याची घागर, आणि मधे जी काय जमीन उरे तो ताजुद्दीनचा कारखाना. खोली देतानाच चाँदभाईंनी अट घातली होती की माडीवर हातोडी चालणार नाही. ते स्वतः खाली राहत आणि दुपारची झोप त्यांना नमाजाइतकीच नेमाची होती. हातोडी न मारता सुताराने पोट कसे भरायचे, असा प्रश्न बाजाराला पडे. पण ताजुद्दीन तिथे बसून बंगल्यांच्या खिडक्या, आरामखुर्च्या, कपाटांची दारे करत होता आणि खाली चाँदभाई निवांत घोरत होते.

बाजारातले बाकीचे सुतार रेल्वेच्या शेडमध्ये शिकलेले. त्यांचे काम उभ्याने, कमरेइतक्या उंच टेबलावर, शिकंज्यात लाकूड आवळून. करवत रेटायची, रंधा रेटायचा, सगळे अंगाच्या जोरावर पुढे ढकलायचे. ताजुद्दीन जमिनीवर बसे. फळी पायांच्या तळव्यांनी अडवी, फारच लांब असली तर मदिना पलीकडच्या टोकावर बसून तांदूळ निवडी, आणि तो करवत स्वतःकडे ओढी. रंधासुद्धा ओढी. करवत कागदासारखी पातळ होती. दोन्ही कडांना दात होते आणि मुठीला वेत गुंडाळलेला होता. रेटली तर ती मुडपली असती, ओढली की ताठ होई. आवाज म्हणाल तर कुणी कापड फाडत असावे एवढाच.

"ताजूभाई, तू सुतार हायस का शिंपी?" अंबाजी सुतार त्याला तोंडावर विचारी. अंबाजी मूळचा टाकवे बुद्रुकचा. खंडाळ्याच्या रस्त्याला त्याची स्वतःची शेड होती आणि जीभ त्याच्या करवतीसारखीच जाड होती.

"शिंप्याला उसवता येतं," ताजुद्दीन म्हणे. "तुझा खिळा एकदा बसला की बसला."

ही अवजारे त्याची नव्हती. तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका जपानी कापूस कंपनीचा बंगला होता. साहेबलोक उन्हाळ्यात येत, एरवी बंगल्यात एकटा सेकी असे. सेकी जहाजावरचा सुतार. आजारी पडला म्हणून जहाजाने त्याला मुंबईच्या धक्क्यावर उतरवून ठेवले ते कायमचे. ताजुद्दीन तरुणपणी बंगल्याची एक खिडकी दुरुस्त करायला गेला होता. सेकीने थोडा वेळ त्याचे काम पाहिले, मग त्याच्या हातातला रंधा काढून घेतला, आपला दिला आणि तो उलट्या दिशेने ओढायला लावला. त्या दिवसापासून ताजुद्दीनने रेटणे सोडले. पुढे सेकीची बोटे संधिवाताने वाकडी झाली, तेव्हा त्याने अवजारे ताजुद्दीनला वापरायला दिली. पण नेम असा की दर रविवारी ती निळ्या कापडात गुंडाळून बंगल्यावर न्यायची. सेकी एकेक पाते उजेडात धरून बघे. धार मनाजोगती असली की भिंतीवरच्या खुंटीला लावी, नसली तर दगड पुढे सरकवी. सोमवारी सकाळी अवजारे पुन्हा ताजुद्दीनच्या हाती येत.

सेकीला शिकवण्यासारखी एकच गोष्ट ताजुद्दीनपाशी होती, आणि ती होती लोणावळ्याचा पाऊस. सेकीने बंगल्याला बसवलेली पहिली दारे जुलैत अशी फुगली की साहेबांना खिडकीतून आत यावे लागले. ताजुद्दीनने त्याला दाखवले, इथे दार आणि चौकट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट सोडावी लागते. तिला तो पावसाची जागा म्हणे. सेकीला ती फट बघवत नसे. त्याच्या हातच्या दोन लाकडांमध्ये केसही जात नसे. पण चार पावसाळे काढल्यावर त्याने मान हलवली आणि त्याही कामात तो तरबेज झाला.

डिसेंबरातल्या एका सोमवारी ताजुद्दीन बंगल्यावर जायला निघाला तेव्हा सेकीच जिना चढून वर आला. इतक्या वर्षांत तो या खोलीत कधी आला नव्हता. बसायला जागा कुठे आहे ते बघत तो दारातच उभा राहिला. मदिनाने चुलीपुढचा पाट सरकवला, पण तो बसला नाही. निळे बोचके त्याने ताजुद्दीनच्या हातात दिले.

"जंग," तो म्हणाला. जपान लढाईत उतरल्याची बातमी बाजारात अजून पोचायची होती. "हम जायेगा. धार रखना, ताजू."

"मिस्त्री, चहा तरी घ्या."

"धार," सेकी पुन्हा म्हणाला आणि कठड्याला धरून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस त्याला पायी स्टेशनावर घेऊन गेले. ताजुद्दीन तेव्हा भुशाचे पोते घेऊन रस्त्यातच होता. सेकीची नजर त्याच्यावरून गेली आणि न थांबता पुढच्या दुकानाच्या पाटीवर गेली, जणू मधे कुणी उभेच नव्हते. ओळख दाखवायची नाही, हे ताजुद्दीनला कळले. त्यानेही पोते दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि तोंड फिरवले. म्हाताऱ्याला कुठे नेले ते कुणी सांगू शकले नाही.

आठवडाभरात बाजारात दवंडी झाली. जपान्यांची कसलीही चीजवस्तू कुणाकडे असेल तर चौकीवर जमा करावी, जो दडवील त्याच्यावर खटला होईल. हवालदार रखमाजी ताजुद्दीनला रस्त्यातच भेटला आणि सहज विचारावे तसे म्हणाला, "तुझ्या त्या म्हाताऱ्याची अवजारं कुठं आहेत रे?"

"रविवारी नेऊन दिली तिथंच असतील, साहेब. खुंटीवर."

रविवारचा नेम हवालदारालाही ठाऊक होता. बंगल्याला तर सरकारी सील लागलेले. तो मान हलवून पुढे गेला.

ताजुद्दीन घरी आला आणि मदिनाला म्हणाला, "खोटं बोलून आलो."

"देऊन टाका की त्यांची त्यांना," मदिना म्हणाली. "कुणाच्या लढाईपायी आपुन का तुरुंगात जायाचं?"

"चौकीच्या कोठडीत टाकतील. चार दिसांत गंजून जातील. मिस्त्री आला तर काय दावू?"

"आणि तो न्हाईच आला तर?"

भिंतीला लागून झोपण्या-बसण्याचे एक जुने सागवानी बाकडे होते, ते ताजुद्दीनने उलटे केले. बैठकीची फळी जाड होती. ती खालून कोरून त्याने अवजारांच्या मापाचा पोकळ खण केला आणि तळाला सरकती फळी बसवायचे ठरवले. साग सगळा लढाईसाठी सरकारने उचललेला, म्हणून आंब्याची फळी मिळाली तीच घेतली. दोन्ही कडांना तिरक्या खाचा काढल्या. फळी एका बाजूने आत सरकेल, शेवटी घट्ट बसेल, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती वेगळी आहे हे कळणारही नाही, असा तो सांधा होता. सेकीने त्याला तो एका दागिन्यांच्या पेटीसाठी शिकवला होता.

मदिना पलीकडच्या टोकावर बसून बघत होती. इतकी वर्षे फळ्यांवर बसून तिला निम्मे सुतारकाम आले होते.

"पावसाची जागा सोडली न्हाई तुमी," ती म्हणाली.

"सोडली तर रेघ दिसती. रेघ दिसली की कुणीबी नख घालून ओढील."

"आंबा हाय तो. पावसात फुगतोय."

"पावसाच्या आत मिटंल हे समदं. सायबाचं राज्य हाय, किती दिस चालंल?"

असे त्या डिसेंबरात पुष्कळांना वाटत होते. त्याने अवजारे पुसली. तेलाचा हात फिरवून तशीच ठेवावी असे एकदा मनात आले. पण सेकीने ती ज्या निळ्या कापडात आणून दिली त्यातच ती परत द्यावी, ते त्याला बरे वाटले. करवत, रंधा, पटाश्या, सगळे त्या सुती कापडात नीट गुंडाळून खणात ठेवले आणि फळी तळहाताने आत सरकवली. शेवटची चार बोटे ती आपोआप गेल्यासारखी गेली आणि सांधा नाहीसा झाला. अंधाऱ्या कोपऱ्यात बाकडे पालथे घालून बोट फिरवले तरी लाकूड एकच वाटत होते. असे काम त्याच्या हातून पूर्वी झाले नव्हते आणि ते कुणाला दाखवता येणार नव्हते.

मग खरी पंचाईत सुरू झाली. पोटासाठी काम तर करायला हवे. त्याने अंबाजीकडून एक जुनी करवत आणि रंधा मागून आणला.

"का रं? शिंपीकाम सोडलंस?" अंबाजीने विचारले, आणि विचारतानाच त्याच्या ध्यानात काहीतरी आले असावे, कारण पुढची थट्टा त्याने गिळली.

ताजुद्दीनने करवत फळीवर ठेवली आणि रेटली. हात पुढे गेला, पण मन मागे ओढत होते. करवत अडकली, उसळली, रेघ सोडून गेली. रंधा रेटला तर समोरची फळीच सटकून भिंतीवर आपटली. खालून चाँदभाईंनी काठीने तक्तपोशी ठोकली. रेटायचे म्हणजे अंग मागून पुढे न्यायचे. त्याला समोर मोकळी जागा लागते, टेबल लागते, शिकंजा लागतो. या खोलीत त्यातले काहीच नव्हते. ओढायला फक्त माणूस मावला की पुरे होते. इतकी वर्षे त्याला खोली लहान वाटली नव्हती. आता करवतीची मूठ घागरीला लागे, कोपर चुलीला लागे, डोके फडताळाला लागे. सॅनिटोरियमच्या चार खुर्च्या त्याने बिघडवल्या, तेव्हा तिथल्या मॅनेजरने काम दुसऱ्याला दिले. तो जिन्यात बसून राहू लागला. खोलीत बसले की बाकडे समोर येई आणि त्याला हात लावायची सोय नव्हती.

जूनपासून पावसाने गाव धरले. लोणावळ्याच्या पावसात ढग घरात येतात. मिठाच्या बरणीत पाणी होते, कपडे आठ-आठ दिवस सिगडीवर धरावे लागतात, आणि घरोघरची दारे फुगतात. दर पावसाळ्यात लोक सुताराला बोलावतात, दार घासून दे म्हणतात. ताजुद्दीन दरवर्षी सगळ्यांना एकच सांगे, आता घासू नका, दिवाळीत फटीतून मांजर जाईल. या वर्षीही तो तेच सांगत फिरला आणि घरी येऊन बाकड्यापुढे बसला.

पात्यांवर तेलाचा हात फिरवायला हवा होता. त्याने बाकडे पालथे केले, फळीला तळहात लावला आणि ढकलले. काही हलले नाही. गुडघा लावला. मग कापड गुंडाळून लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून पाहिले. आंबा पाणी पिऊन सागाच्या खाचेत असा भरला होता की दोन्ही लाकडे एकाच झाडाची असावीत.

"सिगडी ठेवा खाली," मदिना म्हणाली. "लुगडं सुकतंय तर लाकूड का न्हाई सुकणार?"

त्यांनी बाकड्याखाली निखारे ठेवले. सागाला ऊब लागली, आंब्याला घाम आला, खोलीत धूर झाला आणि चाँदभाई लुंगी सावरत जिना चढून आले.

"आग लावता का चाळीला?"

"ढेकूण झालेत, चाँदभाई," मदिना म्हणाली. "शेक देतोय."

"माझ्या चाळीत ढेकूण नाहीत," चाँदभाई दुखावून म्हणाले आणि खाली गेले.

सिगडी काढून टाकावी लागली. उघडायचे तर एकच उपाय होता, फळी चिरून काढणे. त्याला लागणारी पातळ करवत आत होती. अंबाजीच्या जाड करवतीने चिरली असती तर खण उघडा पडला असता, आणि पुन्हा बंद करायला लाकूड नव्हते, अवजार नव्हते, ऊनही नव्हते. इंदुरीला मदिनाचे माहेर. तिने एकदा सुचवले की बाकडेच तिकडे पाठवावे. पण स्टेशनावर पोलीस गाठोडीही सोडवून बघत होते, मग भर पावसात बाकडे घेऊन निघालेल्या सुताराला कोण सोडणार?

तेव्हापासून ताजुद्दीन त्या बाकड्यावर बसेनासा झाला. आत काय चालले असेल ते त्याला दिसत होते. खोलीला वास तर नेहमीचाच ओलीचा होता. तरी त्याला त्यात लोखंडाचा वास येई.

जुलैच्या मध्याला सरकारने जपान्यांचा बंगला फौजेच्या अंमलदारांसाठी उघडला. धुराने पिवळ्या पडलेल्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली, अवजारे तिथे बारा महिने टांगलेली असत तेव्हाची, एक पांढरी आकृती. करवतीची, रंध्याची, लहान-मोठ्या पटाश्यांची. अवजारे नव्हती. त्याच दिवशी दुपारी हवालदार रखमाजी चाळीच्या जिन्यावर आला. झडतीला दोन पंच लागतात, म्हणून त्याने खालून चाँदभाईंना घेतले आणि सुतारकामातले कळावे म्हणून अंबाजीला शेडमधून उठवून आणले.

चौघे खोलीत आल्यावर मदिनाला चुलीवर जवळजवळ चढूनच उभे राहावे लागले. हवालदाराने निथळता बरसाती कोट काढला, ठेवायला जागा बघितली, बाकड्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी स्वतः बसला. ताजुद्दीनने त्याच्या बुटांकडे बघितले. बाकड्याच्या तळाकडे बघायचे नाही हे त्याने आधीच ठरवले होते.

"खुंटीवर काही नाही, ताजुद्दीन."

"मग मला ठावं न्हाई, साहेब."

"तू सांगितलं होतंस."

"मी ठेवली तवा होती."

हवालदाराने मडकी बघितली, अंथरूण झटकायला लावले, फडताळ उपसले. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि तो पुसायला काही सापडेना तेव्हा तसाच ठेवला. सापडली ती अंबाजीची करवत आणि रंधा.

"हे कुणाचं?"

"माझं हाय," अंबाजी म्हणाला. "वापराया दिलंय त्याला."

"म्हणजे ह्याचं स्वतःचं अवजार नाही. मग इतकी वर्षं हा कशानं काम करत होता?" हवालदार चाँदभाईंकडे वळला. "आवाज यायचा का हो वरून?"

"तीच तर अट होती," चाँदभाई म्हणाले. "हातोडी नाही. करवतीचं मला माहीत नाही. मी झोपतो."

हवालदाराने कोपऱ्यातली एक फळी पायाने पुढे लोटली. "घे. रंधा मार. बघू तुझा हात कशाला सरावलाय."

ताजुद्दीन खाली बसला. त्याने स्वतःला बजावले, रेटायचे. फळी पायाशी धरली, रंधा हातात घेतला, पाते अंगठ्याने चाचपले. अंबाजीच्या रंध्याचे पाते बोथट होते. हे बोथट पाते कोणत्या कोनात लागेल याचा विचार त्याच्या मनात आला आणि त्या एका विचारापुरते हवालदार, पंच, बाकडे सगळे दूर गेले. हात आपल्या सवयीने वळला. त्याने रंधा उलटा धरला आणि स्वतःकडे ओढला. जाडसर साल त्याच्या मांडीवर येऊन पडली.

ती मांडीवर पडल्यावर त्याला कळले.

अंबाजी त्या सालीकडे बघत होता. रेटणाऱ्याच्या मांडीवर साल पडत नाही हे त्याला सांगायला नको होते. हवालदाराला अजून नीट उमगले नव्हते, पण काहीतरी वेगळे झाले एवढे त्याने हेरले होते.

"अंबाजी, तू पंच आहेस. सुतार असाच रंधा मारतो का?"

अंबाजीने टोपी काढून डोके खाजवले. "शेडात न्हाई मारत," तो म्हणाला. "पर हितं काय करील, साहेब? तुमीच बघा की. रेटायचं म्हटलं तर पहिला दणका तुमच्या गुडघ्याला बसंल, दुसरा भिंतीला, आन तिसऱ्याला चाँदभाई उठून येतील. एवढ्याशा खुराड्यात माणूस आपल्याकडंच वढील. मीबी वढला असता."

हवालदाराने आपला गुडघा आणि फळीचे टोक यांतले अंतर बघितले. वीतभरही नव्हते. त्याला हसू आले. "खुराडं खरंच आहे," तो म्हणाला. चाँदभाईंना ते लागले. पंचांच्या सह्या झाल्या, काही मिळाले नाही असे ठरले. हवालदाराने बाकड्यावरून आपला कोट उचलला, तिथे पाण्याचे मोठे थारोळे झाले होते, आणि ते लाकडात हळूहळू मुरत होते.

जाताना अंबाजी जिन्यात मागे राहिला.

"कुटं ठिवलंयस ते सांगू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला ठावं झालं तर पुन्हा पंच म्हणून उभं ऱ्हाता यायचं न्हाई."

"अंबाजी, तुझे उपकार..."

"उपकार ऱ्हाऊ दे बाजूला. तुझ्या पायी सरकारापुढं खोटी सही केलीय मी. आता ऐक. उद्यापास्नं माझ्या शेडात यायचं. फौजेच्या खोक्यांचं काम हाय, खिळं ठोकायचं. रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसंल असं, टेबलाशी उभा ऱ्हाऊन. रेटायचं. तू वढताना कुणाला दिसलास तर तुझ्यासंगं मीबी आत जाईन. लढाई सरस्तवर तू लोणावळा सोडायचा न्हाईस."

"मला रेटता येत न्हाई."

"येईल. मार खाऊन बैलबी वळतोय," अंबाजी म्हणाला. एक पायरी उतरून तो वळला, "मी हसायचो तुला. ती साल बघितलीस? माझ्या बोथट रंध्याची. मला तसली कधी निघाली न्हाई." आणि भिजत निघून गेला.

ताजुद्दीन खोकी करू लागला. एकसारखी, ओबडधोबड, खिळे ठोकलेली. दिवसभर टेबलाशी उभे राहायचे, पुढे रेटायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहायचे. हवालदार रस्त्याने जाताना थांबे आणि बघे. हात शिकला, पण नाइलाजाने शिकला. संध्याकाळी घरी आले की खांदे भरून येत आणि बाकडे कोपऱ्यात तसेच असे. मदिना त्यावर काही ठेवत नसे. पाहुणा बसल्यासारखी ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

नवरात्र उलटल्यावर ऊन पडले. गावभर दारे मोकळी होऊ लागली. ताजुद्दीन रोज सकाळी बाकडे पालथे करी आणि फळीला तळहात लावी. एका दुपारी, शेड बंद होती त्या दिवशी, फळीने चिमूटभर दाद दिली. त्याने दार लावून घेतले. मदिना टोकावर बसली. फळी अर्धी बाहेर आली तेव्हाच वास आला.

निळे कापड लाकडाला चिकटले होते. सुती कापडाने सगळी ओल पिऊन ती पोलादाला पाजली होती. त्याने ते सोलून काढले. करवतीच्या पात्यावर त्या कापडाची वीण उठली होती, उभे-आडवे धागे जसेच्या तसे, तांबड्या गंजाचे. नुसत्या तेलात ठेवली असती तर ती तगली असती. मिस्त्रीच्या कापडाचा मान राखायला गेला आणि मिस्त्रीची धार गेली.

मदिनाने घागरीतून तांब्याभर पाणी घेतले आणि धारेचा दगड त्याच्यापुढे सरकवला.

त्याने पटाशीपासून सुरुवात केली. दगडावर पाणी, पाण्यात गंज, गंजाखाली काळे पोलाद, त्याखाली पांढरे. गंज खोल होता. तो जाईपर्यंत घासायचे म्हणजे पातेच घासायचे. सेकी ते उजेडात धरील तेव्हा त्याला पहिल्या नजरेत कळेल किती झिजले. पुढचा पावसाळा असाच गेला तर आणखी झिजेल, त्याच्या पुढच्याला आणखी. धार राखायचा दुसरा मार्ग नव्हता. करवतीच्या दातांना धार लावणे तर त्याच्या हातात नव्हतेच. तितकी बारीक कानस लोणावळ्यात कुणाकडे नव्हती आणि ती मागायला लोणावळ्याबाहेर जायची त्याला मुभा नव्हती.

रंध्याचे पाते शेवटी घेतले. ऊन भिंतीवरून घागरीवर आले तोवर त्याला धार आली. त्याने पाते ठोकळ्यात बसवले, हलक्या हाताने ठाकठीक केले. मग बाकड्याच्या खणाच्या आतल्या अंगावर, जिथे कुणी कधी बघणार नव्हते, रंधा टेकवला आणि ओढला. खांद्याने हरकत घेतली नाही. एक लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली आणि त्याच्या मांडीवर उतरली.

त्याने आणखी एक काढली नाही.

मदिनाने ती उचलली आणि उजेडात धरली. पलीकडची खिडकी तिच्यातून दिसत होती. तिने ती चुलीत टाकली, कारण अशी साल लोणावळ्यात दुसऱ्या कुणाच्या हातची निघत नव्हती.

त्याने अवजारांना तेल लावले, कापडाऐवजी तेलात मळलेल्या भुशात ठेवली. मग फळीची कड घासून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट केली. बाकडे सरळ करून दोघे दोन टोकांना उभी राहून बघू लागली. खाली वाकून बघितले की एक बारीक काळी रेघ आता स्पष्ट दिसत होती. नख घालून कुणीही ओढू शकले असते.

"हवालदार बसायचाच," मदिना म्हणाली. "वाकायचा न्हाई."

"एकदा बसला. दर खेपंला बसंलच असं कुटं हाय?"

मदिनाने पाट बाकड्याला टेकवून त्या अंगाला ठेवला, त्यावर तांदळाचा डबा ठेवला आणि रेघ झाकते का ते दारातून बघून आली. ताजुद्दीन खाली बसला. सकाळी शेडवर खोकी होती, त्याने हात पुढे करून खांदा एकदा रेटून बघितला. मूठ भिंतीला लागली.